‘लगवाडी’, ‘खायवाडी’ आणि ‘संगम’ : सट्टाबाजाराची परिभाषा

बार्शी : ‘बार्शी तेथे सरशी’ ही म्हण साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सरशी म्हणजे जिंकणे, वरचढ ठरणे. सट्टाबाजाराची सारी मदार याच एका शब्दाच्या आशेवर असते. त्या बाजाराची भाषा मात्र अशी घडविलेली आहे, की सरशी कोणाची होते, हे पैसे लावणाऱ्याला सहजासहजी उमगू नये. क्रिकेटचा हंगाम सुरू झाला, की चहाच्या टपरीवर, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर आणि आता घराघरांतील मोबाइलवर हे शब्द कानी पडतात. ‘सेशन किती?’, ‘खाल्ले की लावले?’, ‘आयडी चालू आहे का?’ असे तुटक प्रश्न ऐकणाऱ्या आईवडिलांना त्यांचा अर्थ कळत नाही. कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. या शब्दांचा उगम आणि त्यामागील हिशेब समजून घेण्याचे प्रयोजन एवढेच.

बाजारपेठेतून अड्ड्यावर

जुगाराची मराठी शब्दसंपत्ती जुनी आहे. ‘जुगार’ हा शब्द संस्कृत ‘द्यूतकार’पासून प्राकृतमार्गे आला. ‘पणाला लावणे’ यातील ‘पण’ म्हणजे द्यूतात मांडलेली वस्तू. ‘सट्टा’ या शब्दाचे नाते ‘साटे’ म्हणजे देवाणघेवाण किंवा सौदा याच्याशी आहे. ‘साटेलोटे’ या शब्दात ते आजही दिसते. म्हणजे सट्टा हा मुळात व्यापाऱ्याचा शब्द आहे. भाव, सौदा, वायदा, तेजी, मंदी हे शब्द बार्शीसारख्या ज्वारी-तुरीच्या जुन्या पेठेत कोणाला नवे नाहीत. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी सुरू झाली, तेव्हापासून तर मालाबरोबर दूरच्या बाजारांचे भावही गावात येऊ लागले. माल न देता-घेता केवळ भावातील फरकावर पैज लावणे, ही व्यापारातून जुगारात उतरण्याची पहिली पायरी होती. मुंबईत तर एके काळी पावसावरही सट्टा चाले आणि एकोणिसाव्या शतकातच सरकारला त्याविरुद्ध कायद्याचा आधार घ्यावा लागला.

मटक्याचा जन्मही असाच बाजारातला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरने मुंबईत येई आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. त्याला ‘आकडा’ म्हणत. १९६१ साली न्यूयॉर्कहून हे भाव येणे थांबले. पैजा लावणारे मात्र थांबले नाहीत. मूळचे कच्छचे असलेले कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये ‘वरळी मटका’ सुरू केला. पाठोपाठ १९६४ मध्ये, फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी मटका’ काढला. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून एक काढायची, म्हणून मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव तेवढे राहिले. दिवसातून दोनदा आकडा काढला जाई. पहिल्याला ‘ओपन’ आणि दुसऱ्याला ‘क्लोज’ ही नावे कापसाच्या उघडत्या व बंद भावांवरूनच आली. पोलिसी बातम्यांत वरचेवर येणाऱ्या ‘कल्याण मटका’चा ठाणे जिल्ह्यातील कल्याण शहराशी मुळात काही संबंध नाही, ते कल्याणजींचे नाव आहे. खत्री यांची कीर्ती हिंदी चित्रपटसृष्टीपर्यंत पोचली होती. ‘धर्मात्मा’ (१९७५) मधील प्रेमनाथ यांची भूमिका त्यांच्यावर बेतलेली मानली जाते. मे २०२० मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले.

क्रिकेटचा सट्टा फोफावण्यापूर्वी गिरणगावांत आणि तालुक्यांच्या गावांत मटका हाच गरिबाचा सट्टा होता. कापड गिरण्यांच्या बार्शी-सोलापूरसारख्या भागाला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. तथापि त्यातील अंकगणित खेळणाऱ्यांपैकी फार थोडे करून पाहतात.

मटक्याचे अंकगणित

तीन पत्ते काढायचे, हे मूळ. समजा २, ७ आणि ९ आले. हे तीन आकडे चढत्या क्रमाने लिहिले, की झाली ‘पत्ती’ किंवा ‘पाना’ : २७९. बेरीज १८, तिच्यातील शेवटचा अंक ८, हा ‘ओपन’चा अंक. नंतर क्लोजला १, ४ आणि ० आले. शून्याला येथे दहाचे मोल असल्याने ते शेवटी लिहितात : १४०. बेरजेचा अंक ५. ओपनचा ८ आणि क्लोजचा ५ मिळून ८५ ही ‘जोडी’. तिलाच ‘ब्रॅकेट’ असेही म्हणतात. फळ्यावर किंवा चिठ्ठीवर हा निकाल २७९-८५-१४० असा दिसतो.

तिन्ही आकडे वेगळे असतील तर ‘सिंगल पत्ती’, दोन सारखे असतील तर ‘डबल पत्ती’, तिन्ही सारखे असतील तर ‘ट्रिपल पत्ती’. सिंगल पत्त्या १२०, डबल ९० आणि ट्रिपल १०, अशा एकूण २२०. एका वेळची पत्ती आणि दुसऱ्या वेळचा अंक दोन्ही अचूक सांगणे म्हणजे ‘हाफ संगम’. ओपन व क्लोज दोन्ही पत्त्या सांगणे म्हणजे ‘फुल संगम’.

येथे थोडे थांबावयास हवे. भाव ठिकाणागणिक थोडे बदलतात; पण प्रचलित भावाप्रमाणे एका अंकाला रुपयास ९, जोडीला ९०, सिंगल पत्तीला १४० च्या आसपास, हाफ संगमला १,००० आणि फुल संगमला १०,००० रुपये मिळतात. ऐकायला हे आकडे मोठे वाटतात. आता शक्यता पाहू. अंक दहा आहेत, म्हणून ९ ऐवजी १० मिळाले तर तो खेळ बरोबरीचा झाला असता. जोड्या शंभर आहेत, भाव ९० चा आहे. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांतील सरासरी १० रुपये घेणाऱ्याच्या खिशात राहतात. सिंगल पत्ती लागण्याची शक्यता, पत्ते प्रामाणिकपणे काढले तर, हजारात ६. तिला रास्त भाव १६६ च्या पुढे हवा. हाफ संगमला तो १,६०० च्या वर हवा. फुल संगममध्ये दोन सिंगल पत्त्या जुळण्याची शक्यता सुमारे २८ हजारांत एक आहे, आणि भाव दहा हजारांचा! शंभर रुपयांतील ६४ रुपये लावतानाच गेलेले असतात. बक्षिसाचा आकडा जितका डोळे दिपविणारा, तितकी लूट मोठी, असा हा सरळ हिशेब आहे.

रोज एक जोडी लावली तर शंभर दिवसांत एकदा तरी ती लागणारच, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. शंभर दिवस रोज जोडी लावूनही एकदासुद्धा न लागण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के असते. या समजुतीवरच ‘चार्ट’ नावाच्या वस्तूचा धंदा चालतो. चार्ट म्हणजे मागील निकालांची तक्ते भरलेली जंत्री. ती पुढ्यात घेऊन आज कोणता आकडा ‘बाकी’ आहे हे काढणे, म्हणजे ‘गेसिंग’. एक आणि सहा, दोन आणि सात, तीन आणि आठ असे पाचाच्या फरकाचे अंक ‘कट’ मानण्याची पद्धत याच अभ्यासातून निघाली. अभ्यास हा शब्द खेळणारे गंभीरपणे वापरतात, म्हणून येथे वापरला. मडक्याला कालचा आकडा आठवत नाही आणि पत्त्यांनाही नाही. शिवाय कोणत्या आकड्यावर किती रक्कम लागली आहे, हे आकडा काढणाऱ्याला आधीच ठाऊक असते, ही गोष्ट चार्टमध्ये कोठेच लिहिलेली नसते.

गल्लीत आकडे लिहून घेणारा तो ‘एजंट’ किंवा ‘रायटर’, त्याच्यावर ‘बुकी’. लहान बुकीकडे एकाच आकड्यावर फार रक्कम जमली, की तो काही भाग मोठ्या बुकीकडे वळवितो; याला ‘कटिंग’ म्हणतात. विमा कंपनीने पुनर्विमा काढावा, तसाच हा प्रकार. छाप्यांच्या बातम्यांत सापडणारा मात्र जवळजवळ नेहमी सर्वांत खालचा रायटरच असतो, त्याच्याजवळच्या चिठ्ठ्या, पेन आणि काही शे रुपयांसह.

‘लावणे’ आणि ‘खाणे’

क्रिकेटच्या सट्ट्यातील सर्वांत महत्त्वाचे शब्द दोन : लावणे आणि खाणे. हिंदीत ‘लगाई-खाई’, विदर्भातील बातम्यांत ‘लगवाडी-खायवाडी’. जिंकण्याचा संभव अधिक असलेला संघ तो ‘फेव्हरिट’. भाव नेहमी त्याचाच सांगतात. समजा फेव्हरिटचा भाव ‘साठ-बासष्ट’ आहे. हे पैसे आहेत, रुपयामागचे. ज्याला तो संघ जिंकेल असे वाटते, तो साठने ‘लावतो’ : संघ जिंकला तर लाखाला साठ हजार मिळतात, हरला तर लाख जातात. ज्याला तो संघ हरेल असे वाटते, तो बासष्टने ‘खातो’ : संघ हरला तर त्याला एक लाख मिळतात, जिंकला तर त्याचे बासष्ट हजार जातात. साठ आणि बासष्ट यांच्यामधील दोन पैसे बुकीचे. दोन्ही बाजूंना सारखी रक्कम लागली, की सामना कोणीही जिंको, बुकीला तोटा होत नाही. त्यामुळे बुकीला सामन्याच्या निकालापेक्षा आपल्या वहीची चिंता अधिक असते; ‘बुकी’ हा शब्दच वहीवरून आलेला आहे. प्रत्येक चेंडूगणिक भाव हलतात, ते खेळामुळे तसेच ही वही समतोल ठेवण्यासाठीही.

पैसे लावणारा तो ‘पंटर’. हा शब्द मराठीत येऊन बराच भटकला. एखाद्या दादाचा साथीदार म्हणजेही पंटर आणि छाप्यापूर्वी पोलिस पाठवितात तो बनावट गिऱ्हाईकही पंटरच. वाचकाने संदर्भ पाहून अर्थ घ्यावा.

‘सेशन’ हा प्रकार सामन्याच्या निकालाशी संबंधित नाही. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, यावर तो चालतो. भाव ‘सेहेचाळीस-सत्तेचाळीस’ असा सांगितला जातो. ‘येस’ म्हणणारा ४७ किंवा अधिक धावा झाल्या तर जिंकतो, ‘नो’ म्हणणारा ४५ किंवा कमी झाल्या तर. आणि नेमक्या ४६ झाल्या तर? दोघेही हरतात, बुकी दोन्हीकडून घेतो. एका खेळाडूच्या धावा, एखाद्या षटकातील धावा, नाणेफेक, पुढचा बळी किती धावसंख्येवर पडेल, अशा सुट्या पैजांना ‘फॅन्सी’ म्हणतात.

सामना फिरविण्यास अनेक जणांना फितवावे लागते. एक षटक महाग टाकण्यास एक गोलंदाज पुरतो. ‘स्पॉट फिक्सिंग’ हा शब्द सेशन आणि फॅन्सी यांच्यामुळेच अर्थपूर्ण झाला. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिए प्रकरण उघडकीस आणले, तेव्हा सर्वतोमुखी झालेला शब्द ‘मॅच फिक्सिंग’ होता. मे २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक झाली, तेव्हा चर्चा एकेका षटकाची होती. त्या प्रकरणी दिल्लीच्या न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये आरोपींना आरोपमुक्त केले, हेही नोंदविले पाहिजे.

मोबाइलपूर्व काळात भाव सांगणारी टेलिफोनची अखंड चालू असलेली जोडणी म्हणजे ‘डब्बा’ किंवा ‘लाइन’. शेअर बाजारात अधिकृत बाजाराबाहेर होणाऱ्या सौद्यांना ‘डब्बा’ म्हणतात, तो शब्द वेगळा. चोरटेपणा तेवढा सामाईक. रकमांसाठी मुंबईची परिभाषा चालते : ‘पेटी’ म्हणजे लाख, ‘खोका’ म्हणजे कोटी. २०२२ च्या राजकीय घोषणाबाजीनंतर खोक्याचा अर्थ तर शाळकरी मुलांनाही सांगावा लागत नाही.

घोड्यांच्या शर्यतीची परिभाषा या साऱ्यांहून निराळी, कारण ती चोरटी नाही. महालक्ष्मी आणि पुण्याच्या मैदानावर ‘टोट’ म्हणजे यंत्राने जमा-हिशेब ठेवणारी खिडकी असते. ‘विन’, ‘प्लेस’, ‘जॅकपॉट’ हे शब्द तेथे छापील तिकिटावर असतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. क्रिकेटवरील पैजेला असे संरक्षण नाही. न्या. लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेटवरील सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली होती. विधि आयोगाने २०१८ मध्ये बंदी अमलात येत नसेल तर नियमन करावे, असे सुचविले. दोन्ही सूचना कागदावर राहिल्या आणि २०२५ मध्ये संसदेने नेमकी उलट दिशा धरली.

पोलिसांचे शब्द

‘कलम १२ (अ) अन्वये गुन्हा दाखल’ हे वाक्य सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला पाठ असेल. हा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. पूर्वी तो मुंबईच्या नावे होता, आता महाराष्ट्राच्या. कलम ४ जुगाराचा अड्डा चालविणाऱ्यासाठी, कलम ५ अड्ड्यावर सापडलेल्यांसाठी आणि १२ (अ) सार्वजनिक जागी जुगार खेळणाऱ्यांसाठी. याच कायद्यात ‘१२-अ’ असे एक स्वतंत्र कलमही आहे. जुगारास साह्य व्हावे या हेतूने वृत्तपत्र किंवा अन्य कागद छापणाऱ्या-वाटणाऱ्यांबाबतचे. बातम्यांत दोहोंची गल्लत होते. मराठवाड्याच्या सीमेवरील या भागात छाप्यांच्या बातम्यांतून ‘तिर्रट’ हा पत्त्यांचा आणि ‘सोरट’ हा चित्रांचा जुगारही भेटतो. पण ते खेळांवरील सट्ट्यात मोडत नाहीत.

पैजेच्या पैशाबाबत कायद्याची आणखी एक बाजू फारशी कोणी सांगत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेला पंटर न्यायालयात पैसे मागू शकत नाही आणि बुकीलाही हरलेल्याकडून न्यायालयामार्फत वसुली करता येत नाही. म्हणून वसुली दुसऱ्या मार्गाने होते. त्यासाठी हरणारा सावकाराच्या दारी जातो आणि तेथे ‘पाच टक्के’ म्हणजे वर्षाचे नव्हे, महिन्याचे असते, वर्षाचे साठ. विनापरवाना सावकारीविरुद्ध २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. सट्ट्यापायी झालेले कर्ज आहे, या लाजेने ती बहुधा केली जात नाही.

‘आयडी’चा जमाना

अलीकडे रायटर, चिठ्ठी आणि डब्बा यांची जागा एकाच शब्दाने घेतली : ‘आयडी’. बुकी पंटरला संकेतस्थळावरील खाते उघडून देतो. खात्यात रुपये दिसत नाहीत, ‘पॉइंट’ किंवा ‘कॉइन’ दिसतात; हजार रुपये गेल्याचे दुःख हजार पॉइंट गेल्याने होत नाही, हे चालविणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. अनेक आयडी सांभाळणारी शाखा म्हणजे ‘पॅनेल’. पॅनेल घेणारा नफ्यात भागीदार असतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या २२ बेकायदा ॲप व संकेतस्थळांवर बंदी घातली, त्यांतील ‘महादेव बुक’ची रचना याच पॅनेलच्या जाळ्यावर उभी असल्याचे सक्तवसुली संचालनालयाने म्हटले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने सरसकट बंदी घातली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. त्यानंतर नामांकित ‘फँटसी’ कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. आयडी वाटणारे नामांकित कधीच नव्हते.

या परिभाषेतील सर्वांत नवा आणि पालकांनी अवश्य ओळखावा असा शब्द ‘खाते भाड्याने देणे’ हा आहे. पंटरचे पैसे बुकीच्या स्वतःच्या खात्यात जात नाहीत. महाविद्यालयीन मुले, मजूर, छोटे दुकानदार यांची बँक खाती, पासबुक, एटीएम कार्ड आणि मोबाइलचे सिमकार्ड यांसह काही हजार रुपयांत घेतली जातात. पोलिस त्याला ‘म्यूल खाते’ म्हणतात. म्यूल म्हणजे ओझे वाहणारे खेचर. मुलाला वाटते, खात्यात आपले काहीच नव्हते, मग जाणार काय? पुढे त्या खात्यातून सट्ट्याचा किंवा सायबर फसवणुकीचा पैसा फिरतो, कोणीतरी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवितो, बँक खाते गोठविते, आणि परराज्यातील पोलिस ठाण्याची नोटीस खातेदाराच्या पत्त्यावर येते. पॅनेलवाल्याचे नाव त्या कागदावर कोठेच नसते.